काळ्या कापडाखालची विद्या : मुंबई इलाख्यात मोठा कॅमेरा कोण शिकले, कसे शिकले?

१/
विजापूर, बदामी, ऐहोळे, अजिंठा. या स्थळांची दीडशे वर्षांपूर्वीची छायाचित्रे आज पडद्यावर सहज पाहता येतात. चित्र मोठे करत गेले तरी दगडावरील छिन्नीचे घाव स्पष्ट दिसत राहतात. वीज नाही, प्रकाशमापक नाही, बाजारात तयार फिल्म नाही. तरीही हे साधले. त्यामागे एक अवजड पेटी होती आणि ती चालवण्याची अत्यंत कष्टसाध्य विद्या होती. हा धागा त्या विद्येविषयी आहे.

२/
पहिला प्रश्न : कॅमेरा एवढा मोठा का? कारण त्या काळी निगेटिव्हपासून मोठी प्रत काढण्याची सोपी रीत नव्हती. निगेटिव्ह संवेदनशील कागदावर थेट दाबून ठेवायची आणि ते उन्हात धरायचे, ही रूढ पद्धत. म्हणजे प्रत निगेटिव्हएवढीच. पंधरा इंच रुंदीचे चित्र हवे असेल, तर पंधरा इंच रुंदीची निगेटिव्ह हवी आणि ती मावेल एवढा कॅमेराही हवा. आकार हा हौसेचा भाग नव्हता. ती गरज होती.

३/
यंत्राची रचना मात्र साधी. पुढे भिंग, मागे घासलेली दुधी काच, मध्ये प्रकाशबंद पोकळी. आरंभीच्या कॅमेऱ्यांत एकात एक सरकणाऱ्या दोन लाकडी पेट्या असत. पुढे १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धात चामड्याचा किंवा कापडाचा घडीचा भाता रुळू लागला आणि वजन घटले. भिंगातून आलेली प्रतिमा दुधी काचेवर उमटते. ती उलटी असते : आकाश खाली, जमीन वर, डावे उजवीकडे.

४/
शिकणाऱ्याचा पहिला धडा हाच. डोक्यावर काळे कापड ओढून, उलट्या जगात समतोल पाहायला शिकायचे. भिंग पुढेमागे करून रेषा स्पष्ट करायच्या. मग भिंगावर टोपी चढवायची, दुधी काचेच्या जागी निगेटिव्हचा काचधारक बसवायचा, त्याची झडप उघडायची आणि टोपी काढून सेकंद मोजायचे. म्हणजे ज्या क्षणी चित्र घेतले जाते, त्या क्षणी छायाचित्रकाराला काचेवर काहीच दिसत नसते.

५/
दुसरा धडा इमारतींचा. गोलघुमटासारखी उंच वास्तू टिपताना कॅमेरा वर तिरपा केला, तर भिंती माथ्याकडे एकमेकींवर झुकल्यासारख्या दिसतात. उपाय असा की कॅमेरा व मागची काच ओळंब्यात सरळ ठेवायची आणि फक्त भिंगाची फळी वर सरकवायची. घुमट चौकटीत येतो, भिंती सरळ राहतात. वास्तूचे माप घेऊ पाहणाऱ्या अभ्यासकाला अशीच चित्रे उपयोगाची.

६/
आता ही विद्या मुंबईत कशी आली ते पाहू. छायाचित्रणाची कला १८३९ साली जगापुढे जाहीर झाली. लंडनमध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५३ साली. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, ऑक्टोबर १८५४ मध्ये, मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी उभी राहिली. कलकत्ता आणि मद्रास येथील संस्था १८५६ च्या. म्हणजे या बाबतीत मुंबई हिंदुस्थानात अग्रेसर होती.

७/
सोसायटीत कंपनीचे लष्करी व मुलकी अधिकारी होते, तसेच एतद्देशीयही होते. डॉ. भाऊ दाजी लाड हे आरंभीच्या सभासदांपैकी एक. ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेले वैद्य आणि पुढे शिलालेखांचे गाढे अभ्यासक. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही वैद्यक शिकलेले आणि त्या काळच्या मुंबईतील नामांकित छायाचित्रकार.

८/
वैद्य आणि कॅमेरा ही जोडी योगायोगाची नाही. त्या काळी छायाचित्र काढणे म्हणजे निम्मे रसायनशास्त्र. ईथर, अल्कोहोल, सिल्व्हर नायट्रेट, आयोडाइड, कधी कधी पोटॅशियम सायनाइडसारखे जहाल विष. हे पदार्थ तोलणे, गाळणे, बाटल्यांत नीट ठेवणे ज्याच्या हातवळणी पडले होते, त्याला ही वाट सोपी होती. विजापूर व धारवाडकडील वास्तू टिपणारे डॉ. पिगू हेसुद्धा कंपनीच्या वैद्यकीय सेवेतलेच.

९/
१८५५ साली आणखी एक महत्त्वाची घटना घडली. मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. शिक्षक होते डब्ल्यू. एच. एस. क्रॉफर्ड. त्याच वर्षी इंग्लंडमधील ॲडिसकोंब येथील कंपनीच्या लष्करी विद्यालयातही हा विषय दाखल झाला. तिकडे कंपनीचे भावी अधिकारी शिकत होते. इकडे मुंबईत एतद्देशीय विद्यार्थी. दोन्ही ठिकाणी हातात एकच यंत्र.

१०/
मुंबईचा वर्ग फार काळ टिकला नाही. पण त्याचा ठसा राहिला. तेथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला आणि त्यांची छायाचित्रे १८६७ च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात मांडली गेली. कॅमेरा हे केवळ ‘साहेबाचे यंत्र’ होते, हा समज या एका उदाहरणानेही ढळतो. कॅमेऱ्यासमोर बसणारा आणि काळ्या कापडाखाली उभा राहणारा, दोघेही याच मातीतले, असे चित्र तेव्हाच दिसू लागले होते.

११/
सरकारला या विद्येत रस का? कारण व्यवहारी होते. प्राचीन वास्तूंची नोंद करण्यासाठी चित्रकार नेमणे खर्चाचे आणि वेळखाऊ ठरत होते. मेजर रॉबर्ट गिल हे १८४४ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या रंगीत नकला करण्यात वर्षानुवर्षे गुंतले होते. कॅमेरा हेच काम जलद, स्वस्त आणि अचूक करील, अशी कंपनीच्या संचालकांची धारणा झाली.

१२/
त्या धोरणातून १८५५ साली मुंबईच्या तोफखान्यातील कॅप्टन थॉमस बिग्ज यांची सरकारी छायाचित्रकार म्हणून नेमणूक झाली. विजापूर, बदामी, ऐहोळे, पट्टदकल अशी त्यांची वाट. वर्ष संपता संपता त्यांना लष्करी कामावर परत बोलावण्यात आले आणि ते काम डॉ. विल्यम हेन्री पिगू यांच्याकडे गेले. पिगू १८५८ साली वारले.

१३/
अशा दौऱ्याला कोणती निगेटिव्ह न्यायची, हा शिकलेल्याचाही खरा कसोटीचा प्रश्न. पर्याय दोन होते. पहिला, कागदाची निगेटिव्ह. हेन्री फॉक्स टॉल्बटने १८४१ साली पेटंट घेतलेली ही पद्धत गुस्ताव्ह ल ग्रे याने कागदाला आधी मेण पाजून सुधारली. मेणकागद आदल्या दिवशी तयार करता येई आणि चित्र घेतल्यावर मुक्कामी परतून सावकाश धुता येई. वजन कमी, फुटण्याची भीती नाही.

१४/
दुसरा, ओल्या काचेचा. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ साली प्रसिद्ध केलेली कलोडियनची पद्धत. आम्लांत मुरवलेला कापूस ईथर व अल्कोहोलमध्ये विरघळवून त्यात आयोडाइड मिसळायचे. हा दाट द्रव काचेवर ओतायचा आणि काच चारही कोपऱ्यांकडे कलती करून तो सारखा पसरवायचा. एक थेंब मागे परतला, तर डाग कायमचा.

१५/
मग अंधारात ती काच काही मिनिटे सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवायची, चित्र घ्यायचे, लगेच अंधारात परतून चित्र उमटवायचे, पक्के करायचे आणि भरपूर पाण्याने धुवायचे. काच सुकली की सारे व्यर्थ. म्हणून जेथे कॅमेरा, तेथेच अंधाऱ्या खोलीचा तंबू. सिल्व्हर नायट्रेटने बोटे काळी पडत आणि तो काळेपणा दिवसेंदिवस जात नसे.

१६/
या देशाचा उन्हाळा हा तिसरा शिक्षक. ईथर सुमारे ३५ अंश सेल्सियसला उकळू लागते. विजापूरच्या चैत्रात दुपारचे तापमान त्याच्या पुढेच. द्रव काचेवर पसरण्यापूर्वीच आटू लागे. बंद तंबूत ईथरच्या वाफेने डोके जड होई. विहिरीच्या पाण्यातील क्षार चांदीच्या द्रावणात मिसळले की काचेवर धुके येई. यामुळे पहाटेचे काम, गाळलेले पाणी आणि सावलीचा शोध हे शिस्तीचे भाग बनले.

१७/
बिग्ज यांनी कागदाची वाट धरली; मद्रास इलाख्यातील कॅप्टन लिनियस ट्राइप यांनीही. ट्राइप यांनी तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या पायथ्याचा शिलालेख एकवीस चित्रे एकाला एक जोडून टिपला. प्रत्येक वेळी कॅमेरा तेवढ्याच अंतरावर, तेवढ्याच उंचीवर. एका जरी चित्राचा मेळ चुकला असता तर लेखाची ओळ तुटली असती. मोठ्या कॅमेऱ्याच्या शिस्तीचा याहून चांगला नमुना क्वचितच सापडेल.

१८/
कागदाच्या निगेटिव्हला उजेड फार लागे. टोपी काढल्यावर काही मिनिटे थांबावे लागे. याचा एक परिणाम इतिहासाच्या अभ्यासकाने अवश्य ध्यानात घ्यावा. त्या मिनिटांत जो हलला, तो चित्रातून नाहीसा झाला. वाटसरू, पुजारी, पाणी भरणाऱ्या बाया, चरणारी गुरे : सारे क्षणभर येऊन गेले आणि कागदावर उमटलेच नाहीत. उरले ते फक्त दगड.

१९/
म्हणून त्या काळातील अनेक चित्रांत गजबजलेले गावही ओसाड वाटते. ‘वैभव लयाला गेलेला, माणसांविना पडलेला देश’ ही वसाहतवादी कल्पना अशा चित्रांनी नकळत दृढ केली. काही वेळा छायाचित्रकार मुद्दामच माणसे बाजूला करीत, हेही खरे. परंतु रिकामेपणाचा पुष्कळसा वाटा रसायनाचा होता. चित्र खोटे नव्हते; ते अपुरे होते. पुरावा वाचताना हा भेद निर्णायक ठरतो.

२०/
तसाच दुसरा सापळा आकाशाचा. त्या काळची रसायने निळ्या प्रकाशाला अतिसंवेदनशील आणि तांबड्याला जवळजवळ आंधळी. त्यामुळे निळे आकाश कोरे पांढरे येई, तांबडा दगड आणि हिरवी झाडी काळवंडून येई. ट्राइप यांच्यासारखे काही जण निगेटिव्हवर रंग लावून ढग रंगवीत. जुन्या चित्रात सुंदर ढग दिसले, तर ते आकाशात होते की कुंचल्यातून आले, हा प्रश्न विचारावाच लागतो.

२१/
मुंबईत विल्यम जॉन्सन यांनी १८६० च्या दशकात शहरातील विविध जातिजमातींच्या छायाचित्रांचे ग्रंथ काढले. त्यांतील अनेक चित्रांत माणसे स्टुडिओत टिपलेली आणि मागचे दृश्य दुसरीकडचे. दोन्ही कौशल्याने जोडलेली. चित्रात फेरफार ही संगणकाच्या युगाची देणगी आहे, असे मानणाऱ्यांनी हे ग्रंथ पाहावेत.

२२/
आता सरंजामाचा हिशेब. कॅमेरा, तिवई, दोन-तीन भिंगे, काचधारक, काचांच्या खाचांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या, तराजू, तबके, तंबू, पाणी. हे एका माणसाचे ओझे नव्हेच. सॅम्युएल बोर्न याने १८६६ साली हिमालयातील मणिरंग खिंडीत, सुमारे १८,६०० फुटांवर, ओल्या काचेवर चित्रे घेतली. हा पराक्रम त्याच्या नावे नोंदला गेला. पण पेट्या पाठीवर घेऊन तेथवर चढले ते पहाडी हमाल होते.

२३/
ते हमाल खुशीने चढले असेही नाही. ओझी टाकून हमाल पळाल्याच्या आणि त्यांना काठीच्या धाकाने परत आणल्याच्या हकिगती बोर्नने स्वतःच विलायती नियतकालिकातून लिहिल्या आहेत. दख्खनच्या सपाटीवरही बैलगाडीवाले, पखालजी, तंबू ठोकणारे यांच्याविना एक काच धुतली गेली नसती. त्यांची नावे चित्रसंग्रहांच्या मुखपृष्ठावर नाहीत.

२४/
एवढ्या कष्टांचे मोल काय? अजिंठ्याकडे परत वळावे. गिल यांच्या रंगीत नकलांपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी यांनी १८७२ पासून पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही पुष्कळ १८८५ च्या आगीत गेल्या. एकमेव प्रत ही अशी नाजूक असते.

२५/
निगेटिव्हचे तसे नव्हते. एका निगेटिव्हपासून कितीही प्रती. गिल यांनी स्वतः पुढे कॅमेरा हाती घेतला आणि अजिंठा-वेरूळची त्यांची छायाचित्रे १८६४ साली जेम्स फर्ग्युसन यांच्या लेखनासह ग्रंथरूपात आली. बिग्ज, पिगू आदींच्या निगेटिव्हपासून १८६६ साली विजापूर, धारवाड, म्हैसूर येथील वास्तूंचे भव्य ग्रंथ निघाले. या उपक्रमाला प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या मुंबईच्या धनिकांनी पैसा पुरवला. एक प्रत जळाली तरी दुसरी उरली. जतनाची कल्पनाच बदलली.

२६/
१८७१ साली रिचर्ड मॅडॉक्सने जिलेटिनच्या कोरड्या काचेची रीत सुचवली आणि त्या दशकाच्या अखेरीस अशा काचा कारखान्यात तयार मिळू लागल्या. तंबू सुटला, पण मोठा कॅमेरा राहिला. इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे काढणारे लाला दीनदयाळ याच काळात पुढे आले. रुडकीला अभियांत्रिकी शिकलेल्या या माणसाच्या चित्रांत इमारतीची ओळंब्यातली रेष क्वचितच चुकते. १८९६ साली त्यांनी मुंबईतही स्टुडिओ उघडला.

२७/
हातात मावणारे कॅमेरे १८८८ नंतर सर्वत्र पसरले, तरी पुरातत्त्व खात्याने मोठ्या काचेची साथ बराच काळ सोडली नाही. पश्चिम हिंदुस्थानच्या सर्वेक्षणात हेन्री कझेन्स यांनी जमवलेली सामग्री त्यांच्या १९१६ च्या विजापूरविषयक ग्रंथात दिसते. पुढे ढासळलेली कमान, बुजवलेला दरवाजा किंवा झिजलेला लेख मुळात कसा होता, हे ठरवताना अशी जुनी चित्रे साक्षीला येतात.

२८/
तेव्हा यापुढे असे जुने छायाचित्र समोर आले, तर चार प्रश्न विचारावेत. निगेटिव्ह कागदाची की काचेची? टोपी किती वेळ काढली असावी आणि तेवढ्यात कोण पुसले गेले असेल? आकाश खरे की रंगवलेले? आणि कॅमेरा जेथे उभा आहे, तेथपर्यंत तो कोणी वाहून आणला? या प्रश्नांनी चित्राचे सौंदर्य उणावत नाही. उलट चित्र बोलू लागते.

२९/
त्या जुन्या वास्तुचित्रांत पुष्कळदा एखाद्या खांबाशी किंवा पायरीवर एक माणूस दिसतो. इमारतीची उंची कळावी म्हणून त्याला तेथे उभे केलेले असते. त्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही. पण टोपी निघाल्यापासून परत बसेपर्यंत तो जराही हलला नाही. म्हणूनच तो आज दिसतो. छायाचित्रकाराइतकीच त्यानेही या यंत्राची शिस्त पाळली होती.

(धागा समाप्त)